वही फक्त दुकानदाराच्याच घरात का?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तालुक्याच्या बाजारपेठेत चक्कर मारली की एक दृश्य हमखास दिसते. आडत्या असो, कृषी सेवा केंद्रवाला असो की किराणा दुकानदार, प्रत्येकाच्या गादीवर पाट मांडलेला असतो. पाटावर लाल कापडाच्या बांधणीची कोरी वही असते. तिच्यावर हळद-कुंकू, फूल, सुपारी. आता बऱ्याच ठिकाणी वहीशेजारी संगणकालाही गंध लागते. पण पूजा हिशेबाचीच.

त्या वहीत नावे कुणाची असतात? तुमची-आमची. बियाण्याची उधारी, खताची उधारी, लग्नाच्या बस्त्याची बाकी, मालावर घेतलेली उचल. आपल्या जन्माची कुंडली दुसऱ्याच्या वहीत, आणि तिची पूजाही तोच करणार! आपण पोळ्याला बैल पूजतो, दसऱ्याला औत-विळे पूजतो. वही मात्र पूजत नाही, कारण ती घरात असतच नाही.

याविषयी पारावर बोलायला गेले की एकच उत्तर मिळते, "ओ साहेब, शेतीत राहतंय काय, म्हणून वही ठेवायची? तोटा लिहून काय होणार?" या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. वही लिहिल्याने सोयाबीनचा भाव शंभर रुपयांनी वाढणार नाही, हे कबूल. शेतकऱ्याच्या कर्जाला त्याचा आळस कारणीभूत आहे असे शहाणपण शिकविणारांपैकी आम्ही नव्हे. पण जे थोडे आपल्या हातात आहे, तेही आपण दुसऱ्याच्या हातात देऊन बसलो आहोत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सुप्याची आठवण

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या शेतकऱ्यांचा राग माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. त्यांनी खते, रोखे, वह्या शोधून काढल्या आणि होळी केली. मारहाणीचे प्रकार त्या मानाने थोडे झाले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जफेडीची पावती मिळण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला.

या गोष्टीला दीडशे वर्षे झाली. कागद जाळावे लागले, कारण हिशेबाचा कागद एकाच बाजूला होता. आज शाळा गावात आहे, मुले पदवीधर आहेत, खिशात मोबाईल आहे. आणि तरी आपल्या उधारीचा कागद अजून एकाच बाजूला आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या भागातील एका गावचा प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण अशी घरे गावोगाव आहेत. साडेचार एकर कोरडवाहू रान, दोन मुली, एक मुलगा. घरधनी पंचेचाळिशीचा, कष्टाळू, निर्व्यसनी. उन्हाळ्यात एके दिवशी छातीत कळ आली आणि गेला.

तेराव्याचा मांडव उतरतो न उतरतो तोच तीन माणसे दारात आली. एक खतवाला, एक गावातलाच उसने पैसे दिलेला, तिसरा तालुक्याचा. बोलणे तिघांचेही अदबीचे. "वहिनी, ही वेळ नाही, पण कानावर घालून ठेवतो." एकाचे ९५ हजार, एकाचे ७५ हजार, एकाचा एक लाख. एकूण २ लाख ७० हजार! त्या माउलीला सोसायटीचे कर्ज आहे एवढेच ठाऊक. बाकीचे धन्याने कधी सांगितले नाही. बायको काळजी करील म्हणून सांगितले नाही.

मग पेटी उघडली. सातबारा, जुनी बिले, लग्नपत्रिका, सगळे एकत्र. बारावीतल्या थोरल्या मुलीने एकेक कागद लावायला घेतला. त्यात खतवाल्याची ४० हजार मिळाल्याची पावती सापडली, चैत्रातली. ती दाखविल्यावर दुकानदाराने वही उघडली आणि म्हणाला, "जमा करायचे राहून गेले." राहिलेही असेल, आम्ही त्याला खोटा म्हणत नाही. उरलेल्या दोघांचा ना कागद, ना साक्षीदार. शेवटी भावकी बसली आणि सगळ्यांचे मिळून १ लाख ९० हजारांवर तोड झाली. खरे देणे किती होते, हे सांगणारा सरणावर गेला होता. एक एकर विकायचे ठरले.

त्याच मुलीला बँकेच्या पासबुकात आणखी एक नोंद दिसली. दर वर्षी एकदा ४३६ रुपये कापले गेलेले. तिने बँकेत जाऊन विचारले, तेव्हा कळले की ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम आहे आणि मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. अर्ज केला, पैसे मिळाले, एकर वाचली. एक पावती आणि पासबुकातील एक ओळ, एवढ्यावर ते घर तरले. ती पावती चुलीत गेली असती तर?

वही कशी ठेवावी

दोनशे पानांची साधी वही पुरे. तिचे चार भाग करावेत.

पहिला भाग देण्याचा. कुणाचे, किती, कोणत्या तारखेला घेतले, व्याज काय ठरले, परत किती दिले. सोसायटी, बँक, बचत गट, दुकान, उसनवारी, सगळे एकाच ठिकाणी. दुसरा भाग येण्याचा. आपणही कुणाला उसने दिलेले असतात, मजुराला उचल दिलेली असते. तिसरा भाग शेताचा, प्रत्येक पिकाला वेगळे पान. चौथा भाग घरखर्चाचा.

लिहायचे कोणी? घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल त्याने. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटे. "आज काय आले, काय गेले?" एवढाच प्रश्न. पावत्यांना दोरा ओवून खिळ्याला अडकवाव्यात आणि महिन्याला मोबाईलवर त्यांचा फोटो काढावा, कारण दुकानच्या छापील पावतीची शाई वर्षभरात उडते. पहिल्या पानावर बँक खाती, विमे, प्रत्येक खात्याला वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे, हे लिहावे. आणि ही वही नवरा-बायको दोघांना माहीत असावी. बायकोपासून लपविलेले कर्ज शेवटी बायकोच्याच गळ्यात पडते.

एकराचे पान

आता शेताचे पान उघडू. एक एकर सोयाबीन घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्याकडे कमी-जास्त असतील. नांगरट व रोटाव्हेटर ३,०००, बियाणे २,७००, खत २,५००, पेरणी १,०००, तणनाशक व फवारणी ३,५००, कोळपणी-खुरपणी २,०००, काढणी ४,५००, मळणी १,८००, वाहतूक व हमाली १,०००. बेरीज २२,०००. उतारा ६ क्विंटल धरला तर क्विंटलला सुमारे ३,६६७ रुपये गाठचे गेले. बाजारात ४,२०० ने विकले तर २५,२०० आले. राहिले ३,२००.

"चला, राहिले तरी!" असे म्हणून आपण खूष होतो. पण घरच्या माणसांनी वीस दिवस राबून काढले, त्याची मजुरी ३०० रुपयांनी ६,००० धरा. मग २,८०० चा तोटा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला होता. म्हणजे त्या हमीभावात आणि ४,२०० च्या विक्रीत क्विंटलला १,१२८ चा फरक, सहा क्विंटलला ६,७६८. खरेदी केंद्राची नोंदणी वेळेत करायची की नाही, ओलावा कमी होईपर्यंत माल ठेवायचा की नाही, हे या आकड्यावरून ठरते. पान लिहिलेले नसेल तर हा आकडा दिसत नाही. मग शेजाऱ्याने विकला म्हणून आपणही विकतो.

हे पान तीन वर्षे लिहा. कोणते रान, कोणते पीक पोसते आणि कोणते आपल्याला खाते, हे कुठल्याही सल्लागाराशिवाय कळेल. भावासाठी मोर्चा काढतानाही "परवडत नाही" म्हणण्याऐवजी खर्च आकड्यांत मांडता येईल. अधिकारी घोषणेला उत्तर देतो, पण आकड्यापुढे त्याला विचार करावा लागतो.

व्याजाची तीन गणिते

पहिले गणित शेकड्याचे. "तीन रुपये शेकडा" ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे असते. वर्षाचे ३६ टक्के झाले. पाच रुपये शेकडा म्हणजे ६० टक्के. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो. त्या वेळी ठरलेले दर शेतकऱ्यासाठी तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के आहेत. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. मात्र तक्रारीला कागद लागतो, तारीख लागते. म्हणजे पुन्हा वही आलीच.

दुसरे गणित उधारीचे. औषधाचा डबा रोखीने १,००० ला आणि सुगीच्या बोलीवर १,१५० ला. पाच महिन्यांची १५० रुपये वाढ, म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. पावतीवर व्याज हा शब्द कुठेच नसतो, पण व्याज असते. शिवाय उधारीवाला दुकानात कंपनी निवडत नाही. दुकानदार देईल ते घेतो आणि माल निघाल्यावर तो म्हणेल तिथे घालतो.

तिसरे गणित हप्त्याचे. ३० हजारांच्या कर्जाला "फक्त १२ टक्के" व्याज सांगितले. वर्षाचे व्याज ३,६००, एकूण ३३,६००, महिन्याला हप्ता २,८००. सरळ वाटते. पण मुद्दल तर आपण पहिल्या महिन्यापासून फेडत आलो आणि व्याज मात्र साऱ्या ३० हजारांवर वर्षभर लावले. खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांवर जातो. म्हणून सही करण्यापूर्वी एकच विचारावे, "व्याज सरसकट की उरलेल्या रकमेवर?" लहान कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा की, घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कंपनीचा माणूस हे सांगेलच असे नाही. आपली बेरीज आपणच करावी.

नवं-जुनं आणि मुदतीची तारीख

या साऱ्यांपेक्षा स्वस्त पैसा म्हणजे पीककर्ज. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत नंतर खात्यावर येते. ती आली का, हे पासबुकात पाहावे. मुदत टळली की सवलत गेली, नाव थकबाकीत गेले आणि पुढच्या पेरणीला सोसायटीचे दार बंद.

मुदत जवळ आली की गावोगाव "नवं-जुनं" सुरू होते. आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी लाख रुपये आणायचे, जुने भरायचे, नवे उचलायचे आणि त्याचे त्याला द्यायचे. आठ दिवसांचे काम, पण तो महिन्याचे व्याज घेतो, लाखाला ३,०००. बिनव्याजी कर्जाला आपण हातानेच व्याज लावून घेतले! थकण्यापेक्षा हे बरे, हे खरे. पण सुगीच्या पट्टीतून थोडे-थोडे बाजूला ठेवले असते तर एवढेही गेले नसते.

येथे कर्जमाफीचा विषय निघणारच. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या आणि अडचणीतल्या शेतकऱ्याला त्यांचा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण माफीत कोण बसेल हे निकष जाहीर झाल्यावरच कळते. कुणी तारखेत बसत नाही, कुणी रकमेत. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यालाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची तरतूद होती. ऐकीव बातमीवर भरणा थांबवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण थकलो तर वर्षाला व्याज किती आणि बाहेरून उचलले तर किती, हे दोन आकडे वहीत मांडून मग ठरवावे.

पट्टी एकदा, खर्च बारा महिने

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपला वर्षातून एक-दोनदा. म्हणून पट्टी हातात आली त्याच दिवशी तिचे चार वाटे करावेत. पहिला सोसायटीचा, दुसरा पुढच्या हंगामाच्या बी-खताचा, तिसरा शाळा-दवाखान्याचा, चौथा घरखर्चाचा. पहिले दोन घरात न ठेवता बँकेत किंवा पोस्टात मुदतीने टाकावेत. खिशातला पैसा वाट शोधत असतो. पीक विम्याची एक रुपयाची सोय २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपातील अन्नधान्य व तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि रब्बीला दीड टक्क्यापर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. तोही दुसऱ्या वाट्यात धरावा.

आणि लग्न. यावर लिहिले की लोक रागावतात. पण पाच वर्षांच्या शिलकीचा चुराडा एका दिवसात होतो, हे वहीत दिसेल तेव्हाच मनाला पटेल. मांडवाचा आणि डीजेचा आकडा लिहा आणि त्याच्या शेजारी त्याच रकमेत ठिबकचे किती एकर झाले असते, ते लिहा. मग ठरवा. ऋण काढून सण केला तर सण संपतो, ऋण उरते.

आयाबाया पुढे आहेत

या बाबतीत बायका पुरुषांच्या पुढे गेल्या आहेत. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आज ज्या बाईची सही थरथरते, तिलाही गटातली बाकी तोंडपाठ असते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की, आम्ही यंत्राशिवाय तोंडी व्याज काढून दाखवतो. बँक झाली! गटात हिशेब ठेवणारी हीच बाई घरी आल्यावर "तुला काय कळतंय पैशातलं?" हे ऐकते. घराची वही तिच्या हातात द्या, बघा काय होते ते.

गावच्या कारभाऱ्यांना

शेवटी गावच्या अधिकाऱ्यांना आणि पदाधिकाऱ्यांना विनंती. गटसचिवाने कर्ज देताना मंजूर किती, शेअर्सची कपात किती, हातात किती आणि मुदतीची शेवटची तारीख कोणती, हे एका चिठ्ठीवर लिहून प्रत्येक खातेदाराला द्यावे. एवढ्या एका चिठ्ठीने गावातली निम्मी थकबाकी टळेल, असे आमचे मत आहे. तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदनामे २०२४ मध्ये बदलली, पण लोक अजून त्यांच्याकडेच भरवशाने जातात. त्यांनी ग्रामसभेत विम्याच्या, कर्जाच्या आणि खरेदी केंद्राच्या तारखा मोठ्याने वाचाव्यात आणि फळ्यावर लिहाव्यात. घरात मृत्यू झाला की वारस नोंदीला आलेल्या बाईला फेरफाराबरोबर एक प्रश्न विचारावा, "बाई, पासबुकात विम्याची कपात आहे का बघितलंत?" शेतकरी अपघाती गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे २ लाख असतात, तेही सांगावे. शाळेच्या गुरुजींनी सातवी-आठवीच्या पोरांना शेकडा व्याजाचे गणित पुस्तकातल्या रकमेवर न शिकविता घरच्या पावतीवर शिकवावे.

या साऱ्याला सरकारी योजना नको, निधी नको. चाळीस-पन्नास रुपयांची वही आणि एक पेन. दिवाळी पाडवा हा बळीराजाचा दिवस. येत्या पाडव्याला गाई-म्हशी ओवाळून झाल्या की त्याच निरांजनाने घरची वही ओवाळावी आणि पहिल्या पानावर आपले देणे आपल्या हाताने लिहावे. आकडा बघून छातीत धस्स होईल. होऊ द्या. तो आकडा उद्या परक्या माणसाच्या तोंडून बायको-पोरांनी ऐकण्यापेक्षा आज आपणच वाचलेला बरा.